आकडा

आमच्या फाट्यावर आकडा म्हटलं की
लोक आधी वर, तारांकडे बघतात.
मी वहीकडे बघते.
दुकानाचीच वही, वार्निशच्या बोटांनी चिकटलेली.
पुढून लोकांच्या मोटारी :
तीन एचपी, पाच एचपी, एक पाणबुडी, कुणाची पिठाची चक्की.
मागून, वही उलटी धरून, मी लिहिलं होतं :
महिन्याला पंधरा हजार.

तीन दिवस बरं वाटलं.
चौथ्या दिवशी लाज वाटली.
हा आकडा माझा नव्हताच.
तो कुत्तरमारे मास्तरांचा होता, ज्यांनी मला
छत्तीस खाचांत तार बसवायला शिकवली
आणि वर म्हणाले, "बाईमाणसाले एवढे गंज झाले."
तो मावशीचा होता,
अंगणवाडीच्या मानधनाला टेकवून मोजलेला.
कमी लिहिताना कुणी हात धरत नाही,
हे फार उशिरा कळलं.

मग खोडलं. पेन दाबून लिहिलं :
एक लाख.
आणि शटर अर्धं ओढून घेतलं,
जशी काही कपडे बदलत होते.

आई डबा घेऊन वाकून आत आली. तिनं पाहिलंच.
"वं करुणा, येवढ्या पैशाचं का करशीन?"
पटकन सांगता येईना.
फेरे आपोआप मोजणारी मशीन.
हाताखाली दोन पोरी, पगारी.
वडकीला दुसरं दुकान,
ज्याच्या पाटीवर 'अँड सन्स' नसेल.
वार्निश वाळवायला भट्टी,
सध्या पत्र्यावर ऊन आहे, तेवढंच बिनबिलाचं.
आणि एक, जे आईला सांगितलं नाही :
भर मे महिन्यात एखादी दुपार
कूलरसमोर नुसतं पडून राहायचं,
पैसे न कापता.

"जेव आधी," आई म्हणाली, "भाजी निवून राह्यली."

दिवस मावळता लोणबळे आला.
जळक्या कॉइलचा वास आधी, तो मागून.
"किती?"
बाराशे जिभेवर तयारच होते, रोजच्यासारखे.
मी म्हणाले, अठराशे. तांबं वेगळं.
"राळेगावात चौदाशेत करतेत."
"तिथं न्या मग."
हे मी बोलले की पंखा करकरला,
माझं मलाच समजलं नाही.

त्यानं मोटार उचलली,
गाडीला दोरीनं बांधली, गाठ दोनदा आवळली,
मला वेळ देत असल्यासारखी.
मी घेतला नाही.
गेला.
लाखातून अठराशे वजा,
लाख अजून आलेच नव्हते तरी.

मी अर्धी राहिलेली कॉइल पुढ्यात ओढली.
एक्केचाळीस. बेचाळीस.
फाट्यावर गाडी थांबल्यासारखी वाटली.
वळत होती, की एसटीला वाट देत होती?
मान वर करायची नाही,
मोजणं चुकलं तर सगळी तार उसवावी लागते.
त्रेचाळीस.
की चव्वेचाळीस?

उसवली.

एक.