खरवडलेला बाण

मिरजेत, मिशन दवाखान्याच्या एक्स-रे खात्यात
पप्पांनी एकतीस वर्षं काळोखात काढली.
लाल दिव्याखाली फिल्म बुडवायची
आणि हाड उमटेपर्यंत मोजायचं.
भिंतीवर घड्याळ होतं, तरी ते तोंडानंच मोजत.
जरा आधी काढली तर माणसाचं नुसतं धुकं,
उशीर झाला तर नुसती रात्र.

बहुतेक म्हणूनच त्यांना वाटलं असणार
की तो दिवसही मोजता येईल.

पुढच्या खोलीत, मांजरपाटावर चिकटवलेला
जाड कागदाचा तक्ता:
डाव्या टोकाला एदेन, उजव्या टोकाला नवं यरुशलेम,
मध्ये दानीएलाचे आठवडे, शिक्के, कर्णे,
मोठ्या संकटाची सात वर्षं काळ्या शाईत ठासून भरलेली,
आणि त्यांच्या अलीकडे, अगदी कडेला,
वर जाणारा तांबडा बाण.
मंडळी इथून उचलली जाणार.
संकटाच्या आधी.

प्रभुदास भोरे गुरुजी दर रविवारी उपासनेनंतर यायचे.
चहा बशीत ओतून म्हणायचे,
"शांतवनराव, बाण चुकलाय तुमचा.
आधी न्हाई, नंतर.
भट्टीत घातल्याबिगर सोनं कुणी पारखतं का?"
पप्पा वचन काढत. गुरुजी दुसरं काढत.
दोनाचे पाच वाजत.
आम्हा पोरांचं म्हणणं एवढंच
की जे काय व्हायचं ते सहामाहीच्या आधी व्हावं.

आई आतून पोहे पाठवायची.
ती दंडोबाच्या पायथ्याची.
चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची,
नाताळात तिच्या करंज्या सगळं कंपाउंड वाखाणायचं,
पण पाण्यात ती उतरली नाही.
पाळकसाहेब तीनदा घरी आले,
तिनं तीनदा चहा केला.
श्रावणात अनवाणी डोंगर चढून यायची.
रात्री पप्पा तिच्या तळपायातले काटे काढायचे,
फिल्म धरावी तसा
पाय उजेडाकडे धरून.

गणित शेवटी एका ऑक्टोबरवर येऊन थांबलं.
त्याच्या आधीच्या मे महिन्यात
मी रात्री पाणी प्यायला उठले.
पप्पा स्टुलावर उभे, हातात दाढीचं पातं.
बाण निघाला, कागदाचा पापुद्रा घेऊन निघाला.
मग ती काळी सात वर्षं
एकेक करून बोटानं ओलांडत
पलीकडच्या काठावर त्यांनी नवा बाण काढला.

रविवारी गुरुजींनी पाहिलं.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
"पटलं म्हणायचं!"
"पटलं."
"कुठल्या वचनानं?"
पप्पा बशीत बघत राहिले.
"हिशेब परत केला," म्हणाले.

गुरुजी ती जिंकलेली गोष्ट मरेपर्यंत सांगत होते.

ऑक्टोबर आला. मी जागी राहिले.
कर्णा म्हणून जो ऐकला तो जंक्शनवरचा मालगाडीचा भोंगा होता.
सकाळी पप्पा ड्युटीवर गेले.

हिशेबाची वही मला फार उशिरा सापडली.
त्यात दानीएल नव्हता.
सात वर्षं, असा मथळा.
ज्वारी. रॉकेल. दम्याच्या गोळ्या.
पत्रे गळतात, कोण चढणार?
काटे कोण काढणार?
वर लिहिलेलं "हौसा, एकटी."
"एकटी"वर काट.
पुढं, बारीक अक्षरात, "दोघं."

पप्पाच आधी गेले. वेळेआधी म्हणावं तर
कुठली वेळ.
आईनं नंतर अकरा वर्षं काढली,
पत्रे दोनदा बदलले,
कुणाला काही विचारलं नाही.

तक्ता आता माझ्याकडे सांगलीत आहे.
खिडकीशी धरला की
जिथं खरवडलंय तिथून उजेड आधी येतो,
आणि त्यात जुना बाण, फिकट,
जुळून आलेल्या हाडावरच्या रेघेसारखा.