वजनकाटा

पाइनडेलच्या पुढे रस्ता संपतो
तिथं पिकअपच्या मागच्या फळीला मी काटा टांगते.
जुना, स्प्रिंगचा, मासे तोलायचा.
एकेक सॅक त्याला लटकते
आणि एकेकाचा चेहरा पडतो.

लोवेल, बेचाळीस पौंड. टोलीडोहून आलाय,
एकतीस वर्षं पुलांखाली उभं राहून तडे शोधायची नोकरी.
रेनाल्डो, त्रेपन्न. त्यात कॉफीचं लोखंडी भांडं,
ज्याबद्दल बोलायचं नाही म्हणतो.
व्हर्ना, एक्केचाळीस.

मी ताडपत्री अंथरते. काढा सगळं.
ज्याच्यावाचून अडणार नाही ते डावीकडे.
बावीस उन्हाळे हेच वाक्य बोलतेय
आणि बावीस उन्हाळे डावीकडचा ढीग
जेमतेम उशीएवढा.
व्हर्नाकडे गजराची तीन घड्याळं निघाली.
दोन डावीकडे ठेवली तिनं. तिसरं ठेवलं,
परत उचललं.

पत्रकात छापलंय: स्वतःला भेटा.
ते डेन्व्हरच्या ऑफिसातलं कुणीतरी लिहितं.
माझं एवढंच की पाणी उकळून प्या,
टाचेचे फोड लपवू नका,
आणि दुपारी दोनच्या आत खिंड उतरा,
कारण नंतर वीज बोलायला लागते
आणि ती कुणाचं ऐकून घेत नाही.

चौथ्या दिवशी कातळ.
साठ फुटांवर लोवेल थांबला.
गाठ तपासली, परत तपासली,
बोल्ट नखानं वाजवून पाहिला.
दोर माझ्या हातात. दोरातून त्याच्या पोटऱ्या
शिलाई मशीनसारख्या धडधडत खाली येत होत्या.
चाळीस मिनिटं.
डोक्याच्या हातभर वर, डावीकडे, चांगली खाच आहे.
माझी बोटं तिला ओळखतात.
मी सांगितली नाही.
सांगायला हवी होती का, अजून ठरत नाही माझं.
मग तो म्हणाला, खाली घे.

बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला,
एका पुलावर सही करायला नको होती मी.
घाई होती वरच्यांना.
अजून ट्रक जातात त्यावरून.
मग विचारलं, नूडल्स उरल्यात का.

सहावा दिवस एकट्याचा.
तळ्याच्या काठानं, एकमेकांना दिसणार नाही असं,
एक ताडपत्री, एक शिट्टी, मूठभर शेंगदाणे,
चोवीस तास.

दुसऱ्या संध्याकाळी सगळे गोल बसलो.
रेनाल्डो तासभर बोलला: वडील, ससाणा, माफी.
रडला. खरंच रडला.
लोवेलनं समोरच्या भिंतीतल्या भेगा मोजल्या,
एकशे तेरापर्यंत, मग सोडून दिल्या.
व्हर्ना म्हणाली, मी झोपले.

आम्ही थांबलो. पुढचं वाक्य येईल म्हणून.

झोपले. दुपारी उठले, पाणी प्यायले, परत झोपले.
घरी दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवावं लागतं.
एकोणीसचा आहे, माझ्याहून उंच.
नऊ वर्षं डोळ्याला डोळा नाही.
ह्या आठवड्यात बहीण आहे त्याच्यापाशी.

दगडांत पायका चिरकला.
रेनाल्डोनं कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं
आणि पहिला कप तिच्यासमोर सरकवला.

शेवटच्या रात्री दोन वाजता गजर झाला.
मी तंबूतून डोकं काढलं. ती बाहेर बसलेली,
पायमोजे घालून, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत.
उद्या घरी, म्हणाली, सवय परत लावून घेते.
तू का जागी?

मी काय सांगणार.
डोंगरात मला झोप लागत नाही.
श्वास मोजत पडते, तंबूतंबूतले,
एखादा चुकला की उठते.
हे कुठल्या पत्रकात नाही,
आणि बावीस उन्हाळ्यांत कुणी विचारलंही नव्हतं.

किती जण, तिनं विचारलं.
सात, तुला धरून.
बरं, म्हणाली, मोजते मी. तू झोप.

किती वेळ झोपले कोण जाणे.
घड्याळ तिच्याकडे होतं.