तीस किलो

दोन वर्षांनी रजा, आणि तिकिटावर तीस किलो.
रुवीच्या खोलीत आम्हा सहा जणांत एक ताणकाटा,
मत्र्याच्या मासळीबाजारातून आणलेला, हूक गंजलेला.
बॅग लटकवायची आणि श्वास धरायचा.

आईचं ब्लँकेट, साडेचार.
दूध पावडरचे तीन मोठे डबे.
एलिशाच्या वडिलांची औषधं, शिरसाठ मावशींच्या सुनेचा मोबाइल,
कुणाचं अत्तर, कुणाची खजूर.
काटा एकोणतीसवर थरथरला, थांबला.
मी देवाचे आभार मानून चेन ओढली.

मग कॉटखालची निळी बॅग दिसली.
म्हणजे, रोजच दिसत होती.

लिंबाजीला जाऊन बावीस दिवस झाले.
पेटी विमानानं गेली, कागद कंपनीनं केले,
बॅग राहिली.
परतूरहून त्याची बायको फोन करते.
बॅगेचं विचारत नाही.
विचारते, शेवटी जेवले होते का.

आता खरं सांगतो.
लिंबाजीकडे माझे चाळीस रियाल होते.
दीड वर्ष.
पगाराच्या दिवशी तो मागच्या जिन्यानं उतरायचा,
मी पुढच्या जिन्यात उभा.
गोदामात त्याच्यासाठी सगळे दोन मिनिटं गप्प राहिले,
तेव्हा मी खाली मान घालून
आकडा मोजत होतो.

शुक्रवारी मल्याळींची सभा सुटली की हॉल आमचा, दीड तास.
पाळक साहेब म्हणाले, भाऊ वाकला असेल तर खांदा द्या.
मी मागच्या बाकावर,
एसीच्या गळतीखाली ठेवलेल्या बादलीजवळ.
मनात म्हटलं, किती किलोपर्यंत?
मग उभं राहून सगळ्यांबरोबर ती प्रार्थना म्हटली,
चालायला लागलो तेव्हापासून पाठ.
तिच्यात ऋण हा शब्द येतो.
त्या दिवशी तो सुरमईच्या काट्यासारखा
घशात आडवा बसला.

येशूनं वधस्तंभ उचलला
तेव्हा ताणकाटा कुणाच्या हातात होता?
इथवर ठीक, पुढे जादा आकार,
असं कुणी म्हणालं का?
माझं जे काही त्या खांद्यावर गेलं
ते मी आधी विचारून ठेवलं नव्हतं.
त्यानंही उघडून पाहिलं नाही.

मी मात्र उघडून पाहिलं. माणूस आहे.
दोन शर्ट, बामच्या सहा बाटल्या,
एक गुलाबी फ्रॉक, किमतीच्या चिठ्ठीसकट.
(पोर आता शाळेत जाते.)
आणि वही.
पहिल्या पानावर माझं नाव, चुकीचं लिहिलेलं:
दानेल भाऊ, चाळीस.
तारीख ओळखीची.
पान उलटलं.
त्याच तारखेला: सुलेमान, चाळीस, आईचं ऑपरेशन.
सुलेमान कोण, मला आजही माहीत नाही.
सोहारच्या कॅम्पवर होता म्हणतात, आता नाही.

वही मिटली.
निळी बॅग काट्याला लावली. अकरा.
ब्लँकेट काढलं. डबे काढले.
आईला काय सांगायचं ते विमानात ठरवू.
मोठं मन वगैरे काही नव्हतं,
उलट चिडचिडच होत होती,
डबे परत कपाटात कोंबताना बोट चेमटलं
आणि मी लिंबाजीला शिवी दिली.
तरी बॅग उचलली.
कधी कधी हात आधी आज्ञा पाळतात,
मन मागून येतं, लंगडत.

विमानतळावर काउंटरची मुलगी
दिवसात शंभरदा विचारते ते विचारते:
सामान तुम्हीच भरलं? कुणाचं काही घेतलंय?
सगळे नाही म्हणतात. एलिशानं बजावलं होतं,
नाही म्हण आणि पुढे सरक.

मी हो म्हणालो.

मागची रांग कुरकुरली.
बॅग बाजूच्या टेबलावर उघडली गेली,
शर्ट, बाटल्या, वही सगळ्यांदेखत.
त्या मुलीनं फ्रॉक हातात घेतला,
चिठ्ठी वाचली, दोन ते तीन वर्षं,
माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही.
मग घडी घालून परत ठेवला,
मी घातली होती
त्याहून नीट.