दोन मायक्रॉन

मरोळला, गाळा नंबर नऊमध्ये, रात्रपाळीला
चेंबर उघडलं, तर पंचांवर काळा आरसा.
चुरीसाहेबांनी त्यात मिशी पाहिली.

सकाळी ट्रेमध्ये नुसती काळी टरफलं.
कुणी हातही लावला नव्हता.
तीनच्या सुमारास बारीक तडतड ऐकली होती मी,
दाराच्या फटीतून मिठीचा दमट वास येत होता;
पाल असेल म्हटलं.

थर एवढा कठीण, की कानस घसरते त्याच्यावरून.
पण आत अणू अणूला रेटत असतो:
सरक, सरक.
सरकायला जागा कुठली?
जाडी वाढवावी तसा जोर साचतो,
मग तो पोलादच सोडून देतो.

"आधी क्रोमचा हात दे," साहेब म्हणाले,
"मग कडक, मध्ये मऊ, परत कडक.
व्होल्टेज उतरव.
कठीणपणा जाईल थोडा. जाऊ दे."
टेबलावरचा फोन त्यांनी पालथा घातला.
मुलाचा होता, तिसऱ्यांदा.

आज दोनच मायक्रॉन.
हिऱ्याचं टोक दाबलं;
खळग्याभोवती केसासारख्या भेगा,
पण कड धरून आहे.
वहीत लिहिलं: चालेल.

बाहेर जिन्यात साहेब
हळू आवाजात विचारत होते,
जेवलास का.