मधलं माप

खानापूरच्या पंचायत हॉलात सतरंजीवर तीन रबरी बाहुले.
गिरिजा हिरेमठ नर्सबाई कन्नडमधून सांगतात,
मी अंगणवाडीच्या बायकांना मराठीत करून देते.
कूसु : वर्षाच्या आतलं. दोन बोटं.
मगु : वर्षाच्या पुढचं. एक तळवा.
दोड्डवरु : दोन्ही हात, एकावर एक, कोपर ताठ.

कूसु म्हणजे तान्हं, हे सोपं गेलं.
मगुपाशी मी अडखळले.
आमच्यात मध्ये केवढी गर्दी :
अंगावरचं, रांगतं, दुडदुडं, शेंबडं,
कळतं, अर्धवट कळतं,
न्हातीधुती, मिसरूड फुटलेला.
यातला मगु कुठं संपतो, बाई?

सत्यव्वा म्हणाली, "बसात बारा वर्सं. त्याच्या म्होरं फुल."
सगळ्या हसल्या. तिचा परशा
गेली तीन वर्षं बाराचाच आहे,
कंडक्टर दिसला की गुडघे वाकवून उभा राहतो.
तिचं स्वतःचं तिकीट शून्याचं, आधार दाखवलं की झालं.
भांडण तेवढं त्याच्यापायी.

वय विचारू नका, नर्सबाई म्हणाल्या.
कागद तर नकोच, निम्मा तालुका एक जूनला जन्मलाय.
अंग बघा. काखेत केस आलेत का बघा.
हे भाषांतर मी जरा दबक्या आवाजात केलं.

चैत्रात मलप्रभेच्या डोहातून
परशाला वर काढला, तेव्हा
कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं.
ओठ जांभळे. आधी पाच श्वास, ते आठवलं.
मग छाती.
त्याचा हात उचलून काख बघितली.
लव होती,
मक्याच्या कणसाला पहिली येते तेवढी.
एक तळवा की दोन?
मला कुठल्याच भाषेत उत्तर सुचेना.
दुसरा हात आपसूक पहिल्यावर गेला
आणि मी मोजत राहिले, शिकले तसंच, कन्नडमध्ये,
ओंदु, एरडु, मूरु,
तीसपर्यंत. परत. परत.
कितव्यांदा तरी पाणी आलं,
त्याच्यामागून एक शिवी,
घोगरी, बाप्यामाणसाची.

बेळगावच्या दवाखान्यात बरगडी चिरलेली निघाली.
लहान मुलांच्या वॉर्डातले म्हणाले, हा मोठा आहे.
मोठ्यांच्यातले म्हणाले, बारा लिहिलंय की इथं.
दीड तास व्हरांड्यात.
सत्यव्वा वयाच्या रकान्यावर पेन टेकवून बसलेली,
"भाताची मळणी चालली हुती, एवढंच आठवतंय गं."

परतीच्या बसमध्ये कंडक्टर आला.
मी मुद्दाम खिडकीकडं बघत राहिले.
"एक हाफ द्या," ऐकू आलं, "आजारी हाय पोरगं."
आणि परशानं
दुखरी छाती दोन्ही हातांनी धरून
मान खाली घातली,
सीटवर होता होईल तेवढा लहान झाला.