मोहरी रंगाची, सत्याहत्तरची

आधीच सांगते, या गाडीत कुणी जन्मलं नाही,
कुणी मेलं नाही.
माझी वरातही हिच्यातून निघाली नव्हती.
चौऱ्याण्णव साली, कुणालाच नको होती तेव्हा,
वॉशिंग मशीनच्या भावात घेतली.
आता हिला क्लासिक म्हणतात.
मी जुनीच म्हणते.

खालचा पत्रा रस्त्यावरच्या मिठानं खाल्लाय.
मागच्या उजव्या चाकाशी बोट लावलं
तर बोट आत जातं.
वेइयो म्हणतो, कोंबडीपेक्षा मसाला महाग पडतोय तुला.
त्याच्या कोठारात तीन ट्रॅक्टर सडतायत,
तो भाग वेगळा.

शरदात गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
क्लच दाबायच्या आधीच गुडघा बोलतो.
म्हणून दुकानातल्या फळ्यावर कागद लावला,
खाली फोन नंबरची कातरलेली झालर.
दहा दिवसांनी पाहिलं, एकच पट्टी फाटलेली.
ती माझ्याच हातून, चिकटवताना.

पण ओत्सो आला. राउमाचा, वय तेवीस.
पट्टी न फाडता त्यानं मोबाइलवर फोटो काढला होता.
बॅटरी घेऊन थेट गाडीखाली शिरला.
बर्फावर फक्त बूट दिसत होते
आणि बूटच बोलत होते :
इथे गंज.
इथेपण.
हे वेल्डिंग कुणी केलं?
मी, म्हटलं.
बूट थोडा वेळ गप्प.

तीन हजार दोनशे युरो, मी म्हटलं.
सव्वीसशे, तो.
मग मीच हीटरचं सांगितलं,
की तोंड भाजतो आणि पाय गोठवतो.
तेलाचं सांगितलं. तिसऱ्या गिअरचंही.
सौदा स्वच्छ असावा म्हणून,
की गिऱ्हाईक पळावं म्हणून, ते विचारू नका.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं
असं एक जनावर असतं म्हणतात.
माझं कोठारात उभं होतं.

चर्चच्या उतारावर त्यानं पाय उचलला
आणि गाडी वेग सोडेना.
फ्रीव्हील आहे, म्हटलं. पाय उचललास
की इंजिन हात सोडून देतं. घाबरू नकोस, जाऊ दे.
डावीकडे समुद्र गोठलेला.
बॉनेटखाली इंजिन राईच्या पेजेसारखं रटरटत होतं.
उतार संपेपर्यंत दोघंही बोललो नाही.

आणि उतरताना त्यानं दार आपटलं.

अकरा वर्षं मी इथल्याच कारखान्यात दारं बसवली.
बिजागरीखाली कागदाएवढी पातळ पत्री सरकवायची,
अंगठ्यानं फट मोजायची,
लावायचं,
ऐकायचं.
हे दार माझंच का, मला माहीत नाही.
पाळीत आम्ही सात जणी होतो,
म्हणजे हिशेबानं सातातला एक भाग माझा.
कोठारात एकटी असले
की उरलेल्या सहा जणींना मी घरी पाठवते.

आपटू नकोस, म्हटलं. किंचित वर उचल, मग सोड.
पुढचं दार बघून घेतं.
पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा अर्धं.
तिसऱ्यांदा तो आवाज आला,
बुटका, जाड,
भरल्या डब्याला झाकण लागावं तसा.
ओत्सो हसला.
चौथ्यांदा पुन्हा लावलं, उगाचच.

मी किंमत चारशेनं उतरवली. आपणहून.
का, ते त्याला कळलं नाही.
मीही सांगितलं नाही.

उद्या, रविवारी, न्यायला येणार आहे.
गुडघ्याखाली उशी घेऊन आज
छतातला छोटा दिवा बदलला.
नऊ वर्षं बदलला नव्हता.
दार उघडलं की आता उजेड पडतो
स्टीअरिंगवर, फाटक्या सीटवर,
थोडा बाहेर, सरपणावर.
कागद स्वयंपाकघरात आहेत. सही व्हायचीय.

दार लावायला हवं, बॅटरी उतरेल.
लावते.