शून्य

पारखांची दूध पावडर परत आली.
तोच लॉट, तोच फिकट साईचा वास,
फक्त पाकिटावरची पट्टी पिवळ्याची लाल झालेली.
म्हणजे खोलीतून फिरून आली.

ती खोली मी एकदाच पाहिलीय, लासलगावच्या रस्त्याला.
पुरुषभर जाड भिंत, आत पाण्याचं टाकं,
तळाशी कोबाल्टच्या कांड्या.
बोरस्ते म्हणाला, वाका जरा मॅडम.
निळं.
स्टोव्हच्या ज्योतीहून निळं, आणि त्याला आवाज नाही.

किरणांआधी याच पावडरीच्या बशीत
काळे मणी उगवले होते,
अंड्याच्या बलकात प्रत्येकाभोवती एक स्वच्छ कडं.
एकशे चाळीसपर्यंत मोजले, मग सोडून दिले.
कुणाच्या तरी बोटाला फोड झाला असणार.
चमचा सापडला नसेल, हातानंच ढवळलं असेल.
सुट्टी मागितली असेल.

आज बशी कोरी.
अठ्ठेचाळीस तास उबेत ठेवली, तरी कोरी.
किरणांनी त्यांची आतली पोथी फाडली,
एकाचे दोन कसे व्हायचे ते पान गेलं,
आणि ते संपले.

"शून्य ना? मग शून्य लिहा," पारखांचा फोन,
"शुक्रवारी कंटेनर निघतोय."

शून्य खरंच आहे.
पण ते मरायच्या आधी जेवले होते,
वाढले होते, आणि दुधात काहीतरी सोडून गेले होते,
ज्याला पोथी नाही, जीव नाही,
म्हणून मरणही नाही.
आई म्हणायची, विंचू ठेचला
म्हणून चढलेलं उतरत नाही.

मी शहाण्णव खळग्यांची ताटली काढली.
थेंब, धुणं, थेंब, धुणं.
सातपूरची दुपारपाळी सुटल्याचा भोंगा झाला.
बाकी खळगे पाण्यासारखे.
पारखांच्या तिन्हींत हळद उतरली.

फॉर्मवर रकाना एकच: जिवाणू.
तिथे मी शून्य लिहिलं, गोल, नीट.
खाली कोऱ्या जागेत पेनानं:
विष आहे. माल खाण्यायोग्य नाही.
"ते रकान्यात बसत नाही," बोरस्ते म्हणाला,
मग स्वतःच शिक्का दिला, थोडा तिरका.

त्या बोटाबद्दल कुणीच विचारलं नाही.

घरी कणीक मळायला बसले
आणि अंगठ्यावरची चीर दिसली, कालची, विळीची.
कडेला जराशी लाल.
"आज तू मळ," मी लेकाला म्हटलं.
"का?" म्हणाला.
परात त्याच्याकडे सरकवली.